रकाना एकेचाळीस

फोन वाजला तेव्हा बसनं नागेवाडीचा टोलनाका नुकताच ओलांडला होता आणि संध्या खिडकीची अर्ध्यावर अडकलेली काच सरकवायला बघत होती. नंबर अनोळखी होता. ‘संध्या मॅडम ना? मी डॉक्टर सुरेखा, संभाजीनगरच्या दवाखान्यातून. आत्ता बोलता येईल का?’ बोलता येईल, असं संध्या म्हणाली. दोन वर्षांपूर्वी त्याच दवाखान्यात तिच्या उजव्या स्तनातली गाठ काढली होती, बोराएवढी, आणि काढताना तिनं एका कागदावर सही दिली होती की गाठीचा छोटा तुकडा अभ्यासासाठी ठेवून घ्यायला आपली हरकत नाही. कागद ती विसरली होती. डॉक्टर सुरेखा विसरल्या नव्हत्या. त्या सावकाश, जपून बोलत होत्या. तुकड्यांचा अभ्यास आता पुरा झालाय, गाठीतली कोणती जनुकं किती जोरात काम करत होती ते मोजलंय, आणि तुमच्या गाठीत पसरण्याचा कल बराच जास्त दिसतोय. माझ्या कामाचं काही निघालं तर मला कळवा, या ओळीपुढे तुम्ही खूण केली होती, म्हणून फोन केला. घाबरू नका. एक स्कॅन करून घेऊ. ‘हाडं वगैरे कुठं दुखतात का? पाठ? कंबर?’ संध्या म्हणाली, ‘नाही.’ कंबर चार महिन्यांपासून दुखत होती. तिनं फोन पर्समध्ये ठेवला, पर्सची चेन लावली, आणि मग पुन्हा उठून दोन्ही हातांनी काच ओढायला लागली, इतक्या जोरात की शेजारची बाई म्हणाली, ‘राहू द्या ना मॅडम, येऊन राह्यलंय वारं बराबर.’

बदनापूरला ती रोजच्यासारखी उतरली. कृषी संशोधन केंद्राच्या फाटकात वॉचमननं केलेल्या जयभीमला तिनं जयभीम केला. तुरी फुलावर आल्या होत्या आणि संकराचे दिवस होते. कळी उमलायच्या आधल्या दिवशी चिमट्यानं ती अलगद उघडायची, आतले पिवळे पुंकेसर एकेक करून काढून टाकायचे, दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे, देठाला रंगीत दोरा बांधायचा. बावीस वर्षं ती हे करत आली होती. त्या दिवशी तिनं सत्तावीस कळ्या केल्या आणि एकही मोडली नाही. हात कापले नाहीत, याचंच तिला मोठं भय वाटलं. डोक्यात नुसता पांढरा गोंगाट होता आणि खाली हात आपले शहाण्यासारखे काम करत होते, जणू त्यांना अजून कुणी काही कळवलंच नव्हतं. दरवर्षी शेतकऱ्यांच्या मेळाव्यात ती पानाचा, मुळाचा आणि फुलाचा नमुना हातात धरून सांगायची, ‘बघा, ह्या तिन्हीत जनुकांची पोथी एकच आहे. पण पानात तिची काही पानं उघडी असतात, मुळात दुसरीच. कोणती उघडी आणि कोणती मिटलेली, एवढाच फरक.’ लोक माना डोलवायचे. आता वाफ्यात उकिडवं बसल्यावर तिला आठवलं की पसरणाऱ्या गाठीबद्दल तिनं कुठंतरी वाचलं होतं, आणि वाचून पटकन पुढे गेली होती. आईच्या पोटात गर्भ घडत असतो तेव्हा पेशी चालतात. एका जागच्या निघतात, वाट काढत दुसरीकडे जातात, तिथं हाड होतात, जबडा होतात, हात होतात. चालायला सांगणारी जनुकं असतात. मूल घडलं की ती मिटतात आणि जन्मभर गप्प राहतात. गाठ कधी कधी तीच पानं पुन्हा उघडते. म्हणजे हे बाहेरून आलेलं काही नव्हतं. जिच्यामुळे आपला कणा बनला, तीच आज्ञा कुणीतरी पुन्हा मोठ्यानं वाचायला घेतली होती, आणि आता घडवायला काही उरलेलं नसताना पेशी निघाल्या होत्या. कुठं निघाल्या होत्या? तिनं पाठीमागे हात नेऊन कंबरेवर दाबून बघितलं. दुखलं. ती घाईनं उभी राहिली, आणि कुणी बघितलं का म्हणून आधी आजूबाजूला पाहिलं.

असंच आजूबाजूला पाहणं तिनं आधी एका बाईचं पाहिलं होतं. शहागडला, गोदावरीच्या अलीकडच्या वस्तीत, तिची माय कौसल्या अंगावर पाणी घेताना ताटीच्या फटीतून असंच बघायची. संध्या तेव्हा अकरावीला होती. मायनं छातीशी फडकं बांधलं होतं आणि ते रोज स्वतः, सगळ्यांच्या आधी, धुवायची. ‘काय झालं माय?’ म्हटलं की, ‘काय न्हाई, कापसाचं बोंड लागलं,’ म्हणायची. बोंड लागलेलं वर्षभर बरं होत नाही, हे संध्याला कळायला पाहिजे होतं. जीवशास्त्र घेतलं होतं तिनं. कळलं ते वासानं. एके सकाळी माय भाकरी थापत होती आणि पिठाच्या, धुराच्या वासाखालून दुसराच एक वास आला, आणि संध्या ताटावरून उठली. बाप संपत बसस्टँडवर हमाली करायचा. तो मायला आधी अंबडला आणि मग मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला, पण तोवर मायची पाठ धरली होती. त्यानंतर चार महिने. बाप पाठीला तेल चोळत बसायचा. जिथं चोळत होता तिथं आत काय होतं ते नंतर कुणीतरी त्याला फोटो दाखवून समजावलं, तेव्हापासून त्यानं डोक्यालासुद्धा तेल लावलं नाही. ‘सांगितलं असतं तर,’ एवढंच तो म्हणायचा, आणि वाक्य तिथंच सोडून द्यायचा. संध्याला त्या काळात मायचा इतका राग आला होता की ती गेल्यावर वंदनेला सगळे उभे राहिले तेव्हाही ती मनात मायशी भांडत होती. का लपवलंस? कोणाला घाबरलीस? त्या रागावर तिनं बी.एस्सी. केलं, नोकरी धरली. आपण माहिती असलेल्या माणसांतल्या झालो, असं तिला बावीस वर्षं वाटत होतं.

आणि दोन वर्षांपूर्वी, ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात, मोठ्या डॉक्टरांनी तिला सरळ विचारलं होतं. काखेतल्या गाठी स्वच्छ आहेत, गोळ्या तर चालू राहतीलच, पण केमो द्यायची की नाही हे ठरवायला एक तपासणी करता येते. तुकडा बाहेर पाठवायचा, जनुकं किती कामात आहेत ते बघतात, तीन आठवड्यांत कळतं. पाठवू का? ती एकटीच आत होती. नवरा राजानंद बाहेर बाकड्यावर बसला होता. खोलीत पंखा होता, टेबलावर काचेखाली कॅलेंडर होतं, आणि तिला अगदी स्पष्ट आठवत होतं की प्रश्न पुरता ऐकायच्या आतच तिच्या तोंडून ‘नको’ गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, ‘विचार करून सांगा.’ ती म्हणाली, ‘केलाय.’ नंतर तिनं त्या ‘नको’ला कारणं जोडली. संकराचा हंगाम होता, मुलीची, प्रियाची, बारावी होती, काखा स्वच्छ होत्या. कारणं खरी होती, पण ती नंतर आली. आधी नुसती भीती होती. तीन आठवडे एक पाकीट कुठूनतरी आपल्याकडे येत राहणार, आणि त्यात मायची पाठ असणार. इतरांना ‘तपासून घ्या, दिसण्यावर जाऊ नका,’ असं सांगण्यात जिनं आयुष्य घालवलं तिनं स्वतःच्या बोराएवढ्या गाठीकडे बघायला नकार दिला होता. बाहेर येऊन राजानंदला ती म्हणाली होती, ‘झालं. नुसत्या गोळ्या.’ तो इतका हसला होता की बाकड्यावरच्या दोन अनोळखी बायाही हसल्या.

घरी आली तेव्हा जालन्यात उन्हं कलली होती. राजानंद जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. तो पायरीवर बसून लसूण सोलत होता, आणि फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली प्रिया आत मोबाईलवर काहीतरी ऐकत होती. संध्यानं चपला काढल्या नाहीत. फोनचं सांगितलं, स्कॅनचं सांगितलं. तो लसणाची पाकळी हातात धरून ऐकत राहिला. मग म्हणाला, ‘घाबरू नको. जाऊ उद्याच. आपण तर सगळं बराबर केलंय, त्यांनी जे सांगितलं ते सगळं केलंय.’ तिथंच थांबता आलं असतं. तिनं थांबायचं ठरवलंही होतं, आणि तिलाच तिचा आवाज ऐकू आला.

‘सगळं न्हाई केलं. तवा एक तपासणी सांगितल्ती त्यांनी. हीच. मी नको म्हणाले.’

‘कोणाला विचारून?’

‘कोणालाच न्हाई.’

‘मी बाहेर बसेल होतो, संध्या.’ तो ओरडला नाही. ‘बाकड्यावर. दार बी लोटेलच होतं. चार पावलं.’

‘हो.’

‘चार पावलं होती फक्त.’

तो उठला, लसणाचं ताट पायरीवर ठेवलं, आणि अंगणातल्या नळाला पाइप लावून स्कूटर धुवायला लागला. धुऊन झाली. फडक्यानं पुसली. मग त्यानं पाइप पुन्हा लावला आणि तीच स्कूटर पहिल्यापासून धुवायला घेतली. संध्या दारात उभी होती. त्यानं मारलं असतं, शिवी दिली असती, तर तिला काहीतरी धरायला मिळालं असतं. पाणी अंगणभर झालं, पायरीपर्यंत आलं, तिच्या चपलांखाली शिरलं, तरी तिला हलायचं सुचलं नाही. पाठीमागून प्रियाचा आवाज आला. तिनं सगळं ऐकलं होतं. ‘आई,’ ती म्हणाली, ‘आजीला बी होतं ना. मंग माझ्यात हाय का ते?’

या प्रश्नाचं उत्तर संध्याला येत होतं. पुस्तकातल्यासारखं येत होतं. तिनं प्रियाला जवळ बसवलं आणि सांगितलं की या दोन गोष्टी वेगळ्या असतात. आईकडून लेकीला जातं ते वेगळं, त्याची रक्ताची तपासणी असते, ती आपण करू. फोनवर जे कळलं ते गाठीतल्या पेशींनी गाठीतच केलेलं आहे, मिटलेलं उघडलंय, ते मी तुला दिलेलं नाही, देताही येत नाही. बोलता बोलता तिला जाणवलं की प्रिया ऐकत नाहीये, ती नुसती आईच्या तोंडाकडे बघतेय. आणि दोन्ही हात तिनं स्वतःच्या छातीशी घट्ट आवळून धरलेत. ‘तू रक्ताची तपासणी करशील का माझ्यासंगं?’ प्रियानं विचारलं. ‘नको तर म्हणणार न्हाई ना?’ संध्याच्या कानशिलात कुणीतरी मारल्यासारखं झालं. एकोणीस वर्षांच्या पोरीनं इतक्या साध्या आवाजात विचारलं होतं. ‘न्हाई म्हणणार,’ संध्या म्हणाली, आणि ‘न्हाई’चा अर्थ उलटाच लागेल म्हणून घाबरून पुन्हा म्हणाली, ‘करीन. करीन मी.’

स्कॅनच्या दिवशी राजानंदनं रजा टाकली, डबा भरला, पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या, सगळं केलं आणि तिच्याशी चार शब्दांपलीकडे बोलला नाही. यंत्राच्या आत पडल्यावर तिला हलू नका म्हणून सांगितलं. ती हलली नाही. शरीर माझं आहे असं आपण म्हणतो, ती विचार करत होती, आणि त्यात कोण कुठं निघालंय ते मला यंत्र सांगणार. निकाल आला तो मोठ्या डॉक्टरांच्या त्याच खोलीत. कंबरेच्या मणक्यात एक ठिपका, उजव्या खुब्यात दुसरा. डॉक्टर म्हणाले, पुरतं जाईल असं मी सांगणार नाही. पण आवरून धरता येतं. नवी औषधं आहेत, हाडांना इंजेक्शन आहे, अशी वर्षानुवर्षं धरलेली माणसं माझ्याकडे येतात, नोकऱ्या करतात. संध्या ठिपक्यांकडे बघत होती. पडद्यावर ते सुंदर दिसत होते, विझत आलेल्या निखाऱ्यांसारखे, आणि ते आपल्या आत आहेत हे कुठूनच पटत नव्हतं. राजानंदनं त्या दिवसातला पहिला प्रश्न विचारला. ‘सर, दोन वर्षांखाली ती तपासणी केली असती, तर हे झालं नसतं का?’ संध्याला वाटलं, हो म्हणा. एकदा हो म्हणून टाका, म्हणजे मला त्याखाली बसता येईल. डॉक्टर म्हणाले, ‘सांगता येत नाही. कदाचित. केमो घेऊनही काहींचं पसरतं. खरंच सांगता येत नाही.’ राजानंदनं मान हलवली. बाहेर आल्यावर तो त्याच बाकड्यावर बसला, पाच मिनिटं बसला, आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, ‘यापुढं आत जाशील तवा मी संगं येणार. डाक्टर नको म्हणला तरी.’ ती त्याच्या शेजारी बसली. दोघांच्या मध्ये डब्याची पिशवी होती. ती त्यानं उचलून पलीकडे ठेवली.

निघायच्या आधी तिला डॉक्टर सुरेखांना भेटायचं होतं. वरच्या मजल्यावर लहान खोली, दोन संगणक, आवाजापेक्षाही तरुण दिसणारी बाई. संध्या म्हणाली, मला माझं बघायचंय. डॉक्टर सुरेखा थोड्या घुटमळल्या, मग त्यांनी पडद्यावर एक चौकोन उघडला. उभे रकाने म्हणजे बाया, आडव्या ओळी म्हणजे जनुकं. गप्प असेल तिथं हिरवं, कामात असेल तिथं लाल. त्रेसष्ट बाया. नावं नव्हती, नुसते आकडे. डावीकडे हिरवळ होती, मध्ये मिश्र, आणि उजव्या टोकाला एक पट्टा असा लाल की संध्याला डोळे बारीक करावे लागले. ‘हा तुमचा,’ डॉक्टर सुरेखांनी त्यातल्या एका रकान्यावर बोट ठेवलं. ‘एकेचाळीस.’ असले नकाशे तिनं तुरीचे पाहिले होते, पाण्याच्या ताणात कोणतं वाण काय करतं त्याचे, आणि चहा पीत पाहिले होते. आता ती एकेचाळीसमध्ये वरून खाली उतरत गेली. लाल, लाल, लाल, एक हिरवं, लाल. मग तिची नजर शेजारच्या रकान्यांवर गेली. तेही तसेच होते.

‘ह्या किती जणी?’

‘या गटात नऊ.’

‘त्यांना फोन केलात?’

डॉक्टर सुरेखांनी चष्मा काढला. ‘चौघी गेल्या, मॅडम. अभ्यास पुरा व्हायच्या आत. तिघींशी बोलले. चौथ्या तुम्ही. एकीचा फोन लागत नाही, बंद झालाय. आमच्या कांताबाई गुरुवारी जाणार आहेत गावाला, शोधायला. गाव मला सांगता येत नाही.’

‘नका सांगू,’ संध्या म्हणाली. ‘त्यांच्या गाडीत मला जागा द्या. त्या बाईची परवानगी असली तर उतरीन, न्हाई तर बसून राहीन.’ का म्हणाली, ते तिला त्या वेळी सांगता आलं नसतं. एवढंच कळत होतं की त्या लाल पट्ट्यात एक रकाना अजून काही न कळता कुठंतरी चालतोय, भांडी घासतोय, कंबरेवर हात ठेवून आजूबाजूला बघतोय, आणि हे तिला सहन होत नव्हतं. वरिष्ठांना विचारून डॉक्टर सुरेखांचा बुधवारी होकार आला. राजानंदनं ऐकलं, आणि म्हणाला, ‘इंजेक्शनच्या दिवशी नको. बाकी जा.’

गाडी वडीगोद्रीला थांबली. महामार्गाच्या कडेला मोसंबीची दुकानं एकाला एक लागून होती, ताडपत्रीखाली रचलेले ढीग, आणि दर मिनिटाला जाणाऱ्या ट्रकांची धूळ. कांताबाई, दवाखान्यातली पन्नाशीची समाजसेविका, आधी एकटी उतरली, बोलली, मग तिनं हात केला. फोन बंद झालेल्या त्या बाई, चांगुणाबाई, साठीच्या होत्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, डोक्यावरचा पदर कानामागे खोचलेला. दोन पाहुण्या आल्या म्हणून त्यांनी आधी एक मोसंबी कापून पुढे केली. कांताबाईनं सावकाश सांगितलं, अभ्यास, गाठ, आज दवाखान्यात येऊन एक फोटो काढायचाय. चांगुणाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि हसल्या. ‘माझं झालं की ओ ते. दीड वर्ष झालं. गाठ काढली, मोकळी झाले. नातीचं लगन बी पार पाडलं मंग.’ त्यांनी पाठीवर हात मारून दाखवला. ‘दुखत न्हाई, खुपत न्हाई. बिलकुल न्हाई.’

संध्याचा जीव खरोखर भांड्यात पडला. एक क्षण तिला वाटलं, नकाशा चुकला. एक तरी चुकला. मग चांगुणाबाईंनी तोंड फिरवून पदरात खोकला काढला, कोरडा, लांब, आणि वळून म्हणाल्या, ‘हा काय, धुळीचा. तीन महिने झाले. गाड्याच किती जातात बघा ना.’

कांताबाईचा पेन वहीवर थांबला. संध्याला दुकानातला प्रत्येक ढीग, प्रत्येक फळ वेगवेगळं दिसत होतं. तिच्या तळहातावर कापलेल्या मोसंबीचा रस मनगटापर्यंत आला होता. ‘माझी कंबर दुखत होती,’ ती म्हणाली. ‘चार महिने. मी म्हणायचे, वाकून वाकून दुखती. फोनवर डॉक्टरनं विचारलं तर तिलाबी न्हाई म्हणाले.’

चांगुणाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. ‘तुमालाबी तेच हाय?’

‘तेच.’

‘मंग? निघालं काही?’

‘निघालं,’ संध्या म्हणाली. हा शब्द तिनं अजून कुणापुढे उच्चारला नव्हता. ‘हाडात निघालं. औषध चालू झालंय.’

एक ट्रक गेला. धूळ आली आणि बसली. चांगुणाबाईंनी शेजारच्या दुकानदाराला हाक मारली, ‘मच्छिंद्र, वाईच ध्यान ठेव रं इकडं,’ आणि ओलं पोतं ढिगावर ओढायला लागल्या. एका टोकाला ओढलं की दुसरं उघडं पडत होतं. संध्यानं दुसरं टोक धरलं. चपला घालताना चांगुणाबाईंनी कांताबाईला विचारलं, ‘सांजच्या गिऱ्हाइकीला येईन ना मी माघारी?’

‘येता,’ कांताबाई म्हणाली. ‘आज येता.’

संध्यानं गाडीचं दार उघडलं आणि चांगुणाबाईंना खिडकीशी बसू दिलं.